शुक्रवारची मिरची

अनर्थ घरात शिरतो तो बहुधा दार फोडून शिरत नाही. एखाद्या चांगल्या निर्णयाचे बोट धरून येतो. या घरात तो एका पुठ्ठ्याच्या कार्डाचे बोट धरून आला.

घरचे कर्ते पुरुष आग विझवण्याच्या लाल सिलिंडरांची तपासणी करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते. दुकान असो, दवाखाना असो की शाळा, भिंतीवर लाल सिलिंडर टांगलेला दिसला की त्याच्या गळ्यात एक कार्ड असायचेच; त्या कार्डावर बारा महिन्यांचे बारा रकाने, आणि रकान्यात यांची सही. सही देखणी होती. पहिले अक्षर पहारेकऱ्यासारखे ताठ उभे, आणि शेवटची रेघ रकान्याबाहेर पडून शेजारच्या महिन्याची चौकशी करणारी. कंपनीत त्यांना सहीसाहेब म्हणत. हे नाव आपल्याला कौतुकाने मिळाले आहे, असा त्यांचा समज होता. (तो कोणी दुरुस्त केला नाही; सत्य सांगण्याची हौस कचेऱ्यांत कमीच असते.)

तपासणीचा नियम साधा होता. दर महिन्याला सिलिंडर उचलून पाहावा, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहावे, पिन आणि सील पाहावे, आणि मग सही करावी. वीस वर्षांच्या सेवेत सहीसाहेबांनी हा क्रम थोडा सुटसुटीत केला होता. सही आधी, पाहणे सवडीने. भिंतीपर्यंत पाय झिजवलेच आहेत तर पुढच्या महिन्याचीही सही करून टाकावी, म्हणजे एक खेप वाचते, हेही त्यांचेच शास्त्र. वीस वर्षांत कुठे आग लागली नाही. ही देवाची कृपा होती. सहीसाहेब ती आपल्या पद्धतीच्या खात्यावर मांडत.

अशा घरात गिनीपिग आला. वरच्या मजल्यावरचे कुटुंब दुसऱ्या गावी जायला निघाले आणि जाताना पिंजऱ्यासकट तो सहीसाहेबांच्या मुलीला देऊन गेले. मुलगी नऊ वर्षांची. गिनीपिग पाठीला तपकिरी, पोटाला पांढरा, पाय असून नसल्यासारखे. तिने त्याला पाहिले आणि वर्गातला फळा पुसायचे डस्टर आठवून त्याचे नाव डस्टर ठेवले. सोबत एक चिठ्ठी होती. पाणी रोज बदलावे. कोरडे गवत सतत असावे. दाणे मूठभर. ढोबळी मिरचीची एक चकती रोज, न चुकता. ‘न चुकता’च्या खाली दोन रेघा होत्या.

त्या दोन रेघांनी सहीसाहेबांच्या मनाचा ठाव घेतला.

“माणसांवर विसंबून चालत नाही,” ते म्हणाले. “पद्धत पाहिजे.”

“पद्धत आहे की,” पत्नी म्हणाली. ती कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. बोलायचीही मोजून आणि कापून. “भूक लागली की तो ओरडतो. ओरडला की आपण घालतो.”

“याला पद्धत म्हणत नाहीत. याला गोंधळ म्हणतात.”

आणि त्यांनी पिंजऱ्याला कार्ड टांगले. सात वारांच्या सात ओळी, तीन रकाने. पाणी मुलीकडे. गवत आणि दाणे पत्नीकडे. मिरची, तिच्याखाली दोन रेघा असल्यामुळे, त्यांनी स्वतःकडे घेतली. दर सोमवारी जुने कार्ड फाइलला आणि नवे पिंजऱ्याला. कायदा एकच: ज्याचा रकाना त्याचे काम, दुसऱ्याने हात घालायचा नाही.

पत्नीने सही करताना नाक मुरडले, पण केली. मुलीने सहीचा सराव करण्यात एक वही संपवली. सहीसाहेबांचा रकाना तर आदर्शच होता. सोमवारी सकाळी चहाचा कप निवायच्या आत त्यांचे काम आटोपलेले असायचे.

तिसऱ्या आठवड्यात एके संध्याकाळी मुलगी हातात मिरचीची चकती घेऊन उभी होती.

“बाबा, मी देऊ? तो मागतोय.”

“कार्ड बघ. सही दिसत नाही तुला?”

“दिसते.”

“मग? दोनदा घातली तर पोट फुगेल त्याचं. नियम कशाला केलाय?”

मुलीने चकती परत फ्रिजमध्ये ठेवली. डस्टर बराच वेळ जाळीला नाक लावून बसला होता.

पाचवा आठवडा सरता सरता डस्टरचे ओरडणे थांबले. फ्रिजचे दार उघडले की आधी तो घर डोक्यावर घ्यायचा, आता कानही हलवीना. मागचे पाय ओढू लागला. अंगावरचे केस जुन्या ब्रशसारखे विस्कटले. उचलायला गेले की बारीक किंकाळी फोडायचा, आणि मुलगी हात मागे घ्यायची.

पहिले डॉक्टर कुत्र्यामांजरांचे. माणूस आडदांड, आवाज प्रेमळ. त्यांनी डस्टरला दोन बोटांत निखारा धरावा तसे धरले, टेबलावर ठेवले आणि त्याची चाल पाहिली. मग विचारले, “खातो काय?”

सहीसाहेबांनी पिशवीतून पाच आठवड्यांची कार्डे काढून पुढे ठेवली.

डॉक्टरांनी एकेक कार्ड उलटून पाहिले. “लोकांना आपल्या कुत्र्याचं वय सांगता येत नाही हो. आणि तुमच्याकडे मिरचीच्या चकतीची नोंद. खाण्यात दोष नाही, हे उघड आहे. म्हणजे हा पडलाय. पाय लचकलाय. घरात लहान मूल आहे ना?”

सगळ्यांनी मुलीकडे पाहिले.

“मी नाही पाडला,” मुलगी म्हणाली.

डॉक्टर हसले. लहान मूल असे म्हणतेच, हे त्यांना ठाऊक होते. दुखण्यावरचे औषध लिहून दिले. बाहेर पडताना सहीसाहेबांची नजर दाराजवळच्या लाल सिलिंडरवर गेली. कार्ड जरा तिरके झाले होते. त्यांनी ते सरळ केले आणि आपल्या सहीकडे क्षणभर पाहिले.

घरी चौकशी बसली. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला सहीसाहेब, समोर मुलगी, मध्ये कोरा कागद.

“रागावणार नाही मी. तारीख आठवते का?”

“मी पाडलाच नाही, बाबा.”

“डॉक्टर खोटं बोलतात?”

“नाही.”

“कार्ड खोटं बोलतं?”

मुलीने कार्डाकडे पाहिले. त्यावर बाबांची सही होती. “नाही,” ती म्हणाली.

“मग राहिलं कोण?”

हे गणित तिला सुटेना. पत्नी ओट्यापाशी उभी होती, ती म्हणाली, “अहो, पुरे करा. पोरगी आहे, सिलिंडर नाही.”

“अगं, कारण खरं कळलं तरच औषध खरं मिळेल. तिने खरं सांगितलं तर तो बरा होईल, एवढंच माझं म्हणणं आहे.”

हे शेवटचे वाक्य मुलीच्या मनात रुतले. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती आपणहून टेबलाशी येऊन बसली.

“पडला असेल,” ती म्हणाली.

“असेल नको. पडला की नाही?”

“पडला.”

“किती उंचीवरून?”

“तुम्ही म्हणाल तेवढ्या.”

सहीसाहेबांनी लिहिले: ‘मी डस्टरला टेबलाच्या उंचीवरून पाडले.’ खाली मुलीने सही केली. वहीभर सराव केलेला असल्याने सही चांगली आली. एखाद्याला हे वाचताना हसू आले तर हसावे. पण आपल्या घरात असा एखादा कागद पडून नाही ना, तेही एकदा पाहावे.

औषध चालू राहिले आणि डस्टर खचत गेला.

दुसरे डॉक्टर शिकलेले आणि घाईत होते. त्यांनी डस्टरचा ओठ वर करून आत दिवा धरला.

“दात किंचित वाढलेत. आणि हिरड्यांतून रक्त येतंय, हे मात्र…” ते थांबले. “ताजं हिरवं खाणं मिळालं नाही की या प्राण्यांत असं होतं. मिरची वगैरे देता का?”

सहीसाहेबांनी कार्डे पुढे केली. आता सहा झाली होती.

डॉक्टरांनी रकान्यावरून बोट फिरवले. वरपासून खालपर्यंत एकही जागा रिकामी नव्हती. “वा. मग तो प्रश्नच मिटला. दातच.” त्यांनी दात घासून आखूड केले आणि कुरतडायला लाकडाचा ठोकळा लिहून दिला. सत्य दारापर्यंत आले होते. सहीसाहेबांच्या सहीने त्याला उंबऱ्यावरून परत पाठवले. या दवाखान्यातला सिलिंडर खिडकीशी होता. त्याचेही कार्ड त्यांनी सरळ केले.

ठोकळा तसाच पडून राहिला. डस्टर कोपऱ्याकडे तोंड करून बसे. पत्नी दाणे पाण्यात भिजवून, सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडी. मुलगी शाळेतून आली की दप्तर न उतरवता पिंजऱ्यापाशी जाई आणि आधी श्वास चालू आहे का ते पाही. सहीसाहेबांनाही चैन नव्हते. रोज सकाळी देवापुढे हात जोडताना ते डस्टरचे नाव घेत. प्रार्थना अगदी मनापासून होती.

पत्नीच्या कारखान्यात कोणी तरी तिसरे नाव सांगितले. सशांच्या आणि पाखरांच्या एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई, पक्ष्यांचे दाणे विकणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसतात. बुधवारी संध्याकाळी तिघेही डस्टरला टोपलीत घालून तिकडे गेले.

खोली लहान होती. एक टेबल, एक तराजू, कापडाखाली झाकलेले दोन पिंजरे. बाईंच्या खुर्चीमागे भिंतीवर लाल सिलिंडर, आणि त्याच्या गळ्यात कार्ड. ओळखीचे कार्ड पाहून सहीसाहेबांना जरा धीर आला.

बाईंनी डस्टरला तळहातावर घेतले, गुडघे चाचपले, ओठ वर केला, वजन केले. घाई नव्हती. मग म्हणाल्या, “पडलाय, असं कोणी सांगितलं का?”

सहीसाहेबांनी मुलीचा जबाब पुढे केला. बाईंनी तो चष्म्याच्या काचेवरून एकदा आणि काचेतून एकदा वाचला.

“बाळ, हे तू लिहिलंस?”

“बाबांनी लिहिलं. सही माझी आहे.”

“आणि पाडलंस का तू याला?”

मुलीने फ्रॉकचे टोक बोटाला गुंडाळले. “बाबा म्हणाले होते, खरं सांगितलं तर तो बरा होईल.”

“मग? झाला का?”

“नाही. म्हणून मला वाटतं, मी पाडला नसेल.”

एका झाकलेल्या पिंजऱ्यात कोणी तरी पंख झटकले.

“खातो काय?” बाईंनी विचारले.

कार्डे पुढे आली; सर्वांत वर चालू आठवड्याचे. सहीसाहेब कौतुकाची वाट पाहत उभे राहिले. आजवर दोनदा झाले होते. तिसऱ्यांदा न होण्याचे कारण नव्हते.

“आज वार कोणता?” बाई म्हणाल्या.

“बुधवार.”

“हं. पाणी बुधवारपर्यंत दिलंय. गवत बुधवारपर्यंत दिलंय.” त्यांनी बोट तिसऱ्या रकान्यावर आणले. “शुक्रवारची मिरची मात्र यानं खाल्लेली आहे. शनिवारचीही खाल्ली. रविवारची सुद्धा.”

सहीसाहेबांनी कार्ड हातात घेऊन पाहिले. सही त्यांचीच होती.

इथे एक गोष्ट सांगणे न्यायाचे आहे. हा मनुष्य लबाड नव्हता. सोमवारी तो सात सह्या करून मोकळा होई, आणि मग रोज संध्याकाळी पिंजऱ्याजवळून जाताना रकान्यात सही पाही, आणि त्याला वाटे, झाले, मिरची दिली गेली. कोणी दिली, हा प्रश्न सही पाहिल्यावर त्याच्या मनात कधी उठलाच नाही. त्याने जगात इतर कोणाला फसवले असेल नसेल. स्वतःला मात्र त्याने दर आठवड्याला सात वेळा फसवले, आणि तेही सुवाच्य अक्षरात. देव रकाना पाहत नाही, वाटी पाहतो. वाटी सहा आठवडे रिकामी होती.

“अहो,” पत्नी म्हणाली. मग बाईंकडे वळून, “फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दर आठवड्याला मिरच्या उरलेल्या असायच्या. मला वाटायचं, हे जास्तीच्या आणतात. टाकायच्या कशाला, म्हणून मी परतून डब्यात देत होते.”

“कोणाच्या डब्यात?”

“यांच्या.”

बाईंनी सहीसाहेबांकडे प्रथमच नीट पाहिले, दुसऱ्या रोग्याकडे पाहावे तसे. “तुम्हाला एवढ्यात सर्दी वगैरे?”

“नाही बुवा.”

“दीड महिन्यात एकदाही नाही,” पत्नी म्हणाली. “आम्ही दोघी शिंकतोय.”

“होणार नाही. मिरचीत जे क जीवनसत्त्व असतं ते माणसाच्या अंगात तयार होत नाही आणि या जनावराच्याही नाही. खायलाच लागतं. तुम्हाला मिळालं, याला मिळालं नाही. याला स्कर्व्ही झालाय. आधीच्या डॉक्टरांना कळायला हवं होतं खरं, पण…” त्यांनी कार्डाची कड टेबलावर दोनदा आपटली. “हे पाहिल्यावर कोणाला कळणार?”

“ती आपली ऑफिसची सवय,” सहीसाहेब पुटपुटले. “आठवड्याचं काम एकदम…”

“काय करता तुम्ही?”

उत्तर मुलीने दिले. तिला बाबांच्या कामाचा अभिमान होता. “बाबा आग विझवायचे सिलिंडर तपासतात. तो तुमच्यामागे आहे ना, तसले. त्याच्यावरपण बाबांचीच सही आहे.”

बाई वळल्या. चष्मा वर करून त्यांनी सिलिंडरवरचे कार्ड वाचले. चालू महिन्याच्या पुढचा महिनाही तपासून झालेला होता. त्यांनी काट्याकडे पाहिले; तो हिरव्या पट्ट्याबाहेर होता. मग उठल्या, आपली खुर्ची उचलली आणि दाराजवळ नेऊन ठेवली.

“आता औषध लिहून घ्या,” तिथे बसून त्या म्हणाल्या. “थेंब रोज द्यायचे. मिरची रोज. पाय सुटतील बहुधा. उशीर झालाय, म्हणून बहुधा म्हणते.”

घरी येईपर्यंत टोपली मुलीच्या मांडीवर होती. घरात शिरल्यावर सहीसाहेब टेबलाशी बसले आणि त्यांनी खिशातून तो जबाबाचा कागद काढला.

“इकडे ये,” ते मुलीला म्हणाले. “तू पाडला नव्हतास.”

“हो, मला आता आठवलं.”

“चूक माझी होती. मी खोट्या सह्या केल्या.”

“किती?”

त्यांनी मनात हिशेब केला. “चाळीसच्या वर.”

मुलगी विचारात पडली. “मी एकच केली,” ती म्हणाली; आवाजात दिलासा होता, टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो लागला. “ती मला परत द्या.”

त्यांनी कागद दिला. तिने तो चार घड्या घालून पिंजऱ्यात गवताखाली अंथरला. पुढे डस्टरने त्याचा योग्य तो उपयोग केला.

पिंजऱ्यावरचे कार्ड पत्नीने उतरवले. मुलीने तिथे शाळेच्या वहीचे एक पान टांगले. त्यावर रकाने नव्हते, आणि जे घडेल ते घडल्यावरच लिहायचे होते. तिने बाबांना औषधाच्या जवळपास फिरकू दिले नाही.

सहीसाहेबांनी त्या आठवड्यात वीस वर्षांत केले नव्हते ते केले. बाईंच्या खोलीपासून सुरुवात करून त्यांनी प्रत्येक सिलिंडर भिंतीवरून उतरवला, हातात तोलला, काटा पाहिला. एकतीसपैकी नऊ रिकामे निघाले. त्यांनी तसा अहवाल लिहून वर पाठवला. चौथ्या दिवशी तो परत आला. वरिष्ठांचा शेरा होता: ‘याच नऊ सिलिंडरांवर याच महिन्यात आपली “ठीक” अशी सही आहे. आपल्या दोन सह्यांपैकी कोणती खरी धरावी, ते सहीनिशी कळवावे.’

हा कागद ते दोन दिवस खिशात घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी उत्तर लिहिले. ती सही पहिल्यांदाच वाईट आली. नवे नऊ सिलिंडर बसले. सहीसाहेबांची पुढची बढती मात्र बसली ती बसलीच.

इकडे डस्टर दिवसादिवसाने सावरत होता. आठव्या दिवशी त्याने आपणहून गवताची काडी ओढली. बाराव्या दिवशी फ्रिजचे दार उघडले आणि पिंजऱ्यातून बारीक, फाटक्या शिट्टीसारखा आवाज आला. पत्नीचा हात दारावरच थांबला. मुलगी रडली, आणि रडता रडता पानावर तारीख लिहिली. एक पाय थोडा वाकडा राहिला. तो राहणारच होता. काही गोष्टी क्षमा झाल्या तरी सरळ होत नाहीत.

त्या संध्याकाळी सहीसाहेबांनी मिरची स्वतः धुतली, स्वतः कापली, बिया काढल्या, आणि चकती घेऊन ते पिंजऱ्यापाशी गुडघे टेकून बसले. मुलीची परवानगी त्यांनी दुपारीच काढून ठेवली होती.

“घे,” ते म्हणाले.

डस्टर लंगडत मागे सरकला आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

“घे ना. मिरची आहे.”

“तो घाबरलाय, बाबा,” मुलगी शेजारी येऊन बसली. “त्याला वाटतं, कोण हा नवीन माणूस.”

“नवीन? अगं, मी तर रोज…” सहीसाहेब बोलता बोलता थांबले.

मुलीने त्यांच्या हातातून चकती घेतली आणि जाळीतून आत धरली. डस्टर आला, एकदा हुंगला, आणि खाऊ लागला. कुरुमकुरुम आवाज होत राहिला. संपेपर्यंत तिघेही तो ऐकत होते.

मग मुलीने पेन्सिल उचलली. सहीसाहेबांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.

“मी कुठे करू सही?”

“तुम्ही नका करू,” ती म्हणाली, आणि आजच्या तारखेपुढे सावकाश, जीभ दातांत धरून लिहिले: ‘मिरची दिली. मी दिली. बाबा हजर होते.’

त्या पिंजऱ्यावर सहीसाहेबांच्या नावे झालेली ही पहिली खरी नोंद होती.